हलका बाण

गुरुवार, २२ सप्टेंबर १९९४. नोव्हाय.

संसार अर्ध्यावर टाकून सुलभाला जाऊन पाच महिने झाले. ज्या हरणाने आमच्या गाडीची काच फोडली, ते उठून झाडीत पळाले. ती मात्र इस्पितळात दोन दिवस तळमळली. दोन दिवस.

आज नव्या, कप्प्या लावलेल्या कंपाउंड धनुष्यासाठी बाण घेण्यास गेलो. "टाय लावून शिकारीला निघालेले तुम्ही पहिलेच!" म्हातारा अमेरिकन दुकानदार हसला. त्याने रुंद पात्यांचे जड बाण पुढे ठेवले. "हे आरपार जातात. हरीण मिनिटभरात कोसळतं."

मी हलक्या बाणांकडे बोट दाखवले.

"ते नकोत, सर. ते आतच अडकतात. जनावर पळत सुटतं आणि कुठेतरी दोन दिवस तडफडून मरतं."

"मला तेच हवे आहेत," मी अत्यंत शांतपणे म्हणालो.

त्याचे हसू मावळले. सारे बाण त्याने काउंटरखाली ठेवले. "घरी जा, सर. तुम्हाला शिकार करायची नाहीये."

मग काय करायचे आहे मला? गाडीत बसल्यावर त्या म्हाताऱ्याच्याच छातीत बाण रुतलेला मला मनात दिसला, आणि ते दृश्य मला आवडले, हे येथे लिहिलेच पाहिजे. सुलभाने हे ऐकले असते तर अबोला धरला असता. निदान दोन दिवस.

उद्या दुसऱ्या दुकानात जाईन. तेथे हसून बोलेन.