सोपाऱ्याचा समुद्र

२६ फेब्रुवारी १९७४

नाही म्हणायला हवं होतं! तोंड उघडलं आणि बाहेर पडलं — 'येतो की.'

आमच्या प्रेसमधला शालिकराम वीस वर्षं माझं अक्षर वाचतो आहे, जे मलाही वाचता येत नाही. छपाईचे खिळे जुळवताना मान वर करत नाही. आज काम सोडून थेट टेबलापाशी आला. 'पंडितजी, जयवंताले सोपाऱ्याले न्यायचं हाय. तुमचं पाह्यलेलं हाय न. संगं चला.'

जयवंता त्याची बायको. तिच्या हृदयाची झडप गेली आहे. डॉक्टर म्हणाले, काय दाखवायचं ते लवकर दाखवा. तिला मुंबईजवळच्या सोपाऱ्याचा स्तूप बघायचा आहे, आणि स्तूपाच्या पायऱ्यांना लागणारा समुद्र. जन्मात समुद्र पाहिलेला नाही.

तो समुद्र मीही पाहिलेला नाही. मी फक्त लिहिला आहे.

२८ फेब्रुवारी

लेख काढून वाचला. सहासष्टचा विशेषांक, धम्मदीक्षेला दहा वर्षं झाली म्हणून. संपादकांना दोन दिवसांत 'काहीतरी भारदस्त' हवं होतं. मी वाचनालयात संस्कृत ग्रंथ उघडून बसलो. शूर्पारक बंदर सापडलं — 'पूर्ण' नावाचा व्यापारी, त्याच्या समुद्रसफरी, चंदनाचा विहार. शेवटी हात सैल सुटला. 'आजही भरतीचे पाणी स्तूपाच्या पायऱ्या धुऊन जाते.' नागपुरात बसून भरती आणली!

अरुंधती म्हणाली, 'सांगून टाका त्यांना. तुमची बायको म्हणून सांगते, तुम्ही चुकता हे ऐकून कुणाला धक्का बसत नाही.'

उद्या सांगतो.

१ मार्च

सांगितलं नाही.

३ मार्च

सांगायलाच इंदोऱ्याला शालिकरामच्या घरी गेलो. भिंतीवर माझा लेख. काच लावलेला, बुद्धाच्या तसबिरीखाली! घरी माझे लेख अरुंधती फडताळात अंथरते.

जयवंताबाई उशांना टेकून बसल्या होत्या. 'मले वाचता येत नाही जी, पण पाठ हाय.' आणि म्हणूनच दाखवला — दम लागत, थांबत, पायऱ्या धुणाऱ्या पाण्यापर्यंत. 'मिलमंदी बायका म्हणत, तुमच्यात होतं काय वं? मी म्हणो, बंदर होतं! गलबतं होती! पंडितानं छापलं हाय!'

मग चहा. 'घ्या न. बाटता का काय?' आणि स्वतःच हसल्या, खोकला येईपर्यंत. मी दोन कप प्यालो. सांगितलं नाही.

१० मार्च, सोपारा

एक टेकाड. विटा. ताड, केळीच्या बागा, रवंथ करणारी म्हैस. समुद्र नाही.

टांगेवाल्याला विचारलं. तो हसला. 'दर्या? तो लांब तिकडं. हितं कधी होता?'

होता रे बाबा! याच खाडीनं गलबतं यायची, अशोकानं इथं शिळा कोरवल्या. मग गाळ साचत गेला. शत्रूनं बुडवलं असतं तर बखर तरी झाली असती. गाळाची बखर कोण लिहितो? पुराणात म्हटलंय, परशुरामासाठी समुद्रानं मागं सरून ही जमीन दिली. ते मी तोंडपाठ म्हणू शकतो. समुद्र एकदा सरला तर पुन्हाही सरेल, एवढं मात्र सुचलं नाही.

जयवंताबाई विटांवर बसल्या. बराच वेळ चारी बाजूंनी पाहिलं. 'पंडितजी, समुद्र कुठं नेऊन ठेवला जी?'

मी सांगितलं. सगळं. कधी आलो नव्हतो, हेही.

शालिकराम विटांकडे बघत म्हणाला, 'अक्षर न् अक्षर म्याच जुळवलं होतं.' एवढंच.

टांग्यातून समुद्राकडे निघालो. रस्ता खड्ड्यांचा. मैलभरात त्यांचे ओठ निळे पडले. शालिकरामनं टांगा फिरवायला लावला. त्या मागं वळून पश्चिमेकडे बघत होत्या. तिथंही केळीच.

१३ मार्च

खुलासा लिहिला. आठ ओळी. संपादक म्हणाले, 'आठ वर्षांनी? कुणाची तक्रार आहे का?' नाही म्हटलं. 'मग बघू.'

तक्रार नाही. तेच तर.

१५ एप्रिल

काल विहारात जयंतीचा कार्यक्रम. जयवंताबाईंना खुर्चीवर बसवून नेलं होतं. सगळ्या बायकांना त्यांनी सांगितलं — सोपाऱ्याला जाऊन आले, पायऱ्यांवर बसले, पाणी पायाला लागलं, भरतीचे पाणी स्तूपाच्या पायऱ्या धुऊन जाते. माझं वाक्य, शब्दाला शब्द!

शेजारच्या बायजाबाईनं वैशाखी पौर्णिमेला सोपाऱ्याला जायचं तिकीट काढायला पोराला पाठवलं.

आज हे कळलं, संध्याकाळी त्यांच्याकडे धावत गेलो. 'असं का सांगितलंत?'

'आठ वर्सं सांगून राहिली मी. आता खोटी पडू?' श्वास घेऊन — 'अन् तुमाले लोक हसले असते. पंडित म्हणते सारी वस्ती तुमाले.'

म्हणजे माझं खोटं आता त्यांच्या डोक्यावर! 'मी खुलासा छापतो आहे,' म्हटलं.

'छापा न. पर मंग मी कोन, थे बी छापा.'

मी चपला पायात सरकवल्या. तीस वर्षं शब्दांवर पोट भरतो आहे.

१८ एप्रिल

बायजाबाई पायऱ्या शोधत उन्हात फिरेल, हे डोळ्यांपुढून हलेना. संपादकांच्या मागं लागून रविवारची जागा मिळवली. शालिकराम रजेवर, प्रेसमधल्या लहानूनं खुलासा जुळवून ठेवला आहे. छापला तर जयवंताबाई खोट्या. नाही छापला तर बायजाबाई फसणार. परवापर्यंत ठरवायचं आहे.

१९ एप्रिल

जयवंताबाई पहाटे गेल्या.

मातीहून परतल्यावर शालिकराम घरी गेला नाही. प्रेसमध्ये येऊन उभा राहिला, खुलाशाचे खिळे एकेक उचलून आपापल्या खणांत टाकू लागला. वर न बघता म्हणाला, 'बायजाबाईसंगं मी जातो. समुद्रापर्यंत नेतो तिले.'

मी त्याला थांबवलं नाही.