मोतीलाल आबांच्या विहिरीतली माती

प्रिय हेमांगी,

तुझे मेसेज सारखे येताहेत, काल फोनही येऊन गेला. मी मुद्दामच उचलला नाही. तुझा आवाज ऐकला की मी विरघळते आणि हो म्हणून बसते. म्हणून हे कागदावर लिहितेय. फोटो काढून पाठवीन.

आधी घरचं. आई बरी आहे. माहेरी, पिंप्राळ्याच्या घरी फ्रिजवर तिनं पेपरातला तुझा फोटो चिकटवलाय, जपानच्या प्रयोगशाळेत यंत्रापाशी उभी आहेस तो. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, ही आमच्या स्नेहलची मैत्रीण. दिवाळीत मी तो काढून ड्रॉवरमध्ये टाकला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा जागेवर. मी धुळ्याच्या कॉलेजात अजून तासिका तत्त्वावरच शिकवतेय, माझा फोटो कोण छापणार?

तुझं ते इंटरनेटवरचं व्याख्यान मी दरवर्षी वर्गात लावते. तू किती सोपं करून सांगतेस. आपल्या काळ्या जमिनीत जी पावसाळ्यात फुगणारी माती असते, स्मेक्टाइट, तीच भ्रंशाच्या, म्हणजे खडक तुटून सरकतात त्या फटीत भरली, तर दोन्हीकडचे खडक साबणावरून सरकावेत तसे गुपचूप सरकत राहतात. पण उष्णता लागली, थरांमधलं पाणी निघून गेलं, की तिचं इलाइट होतं. पकड वाढते, ताण साठत जातो आणि मग कधीतरी एकदम सुटतो, भूकंप होतो. यावर अजून वाद आहे हेही तू प्रामाणिकपणे सांगतेस. यंदा एका मुलीनं विचारलं, मॅडम, तुम्ही दोघी एकाच वर्गात होतात ना, मग तुम्ही का नाही गेलात? मी म्हटलं, आजचा विषय भ्रंश आहे. खरं उत्तर तुला माहीत आहे. पासपोर्ट आपण एकाच दिवशी काढले, त्याच वर्षी माझ्या वडिलांना, नानांना अर्धांगवायू झाला. कुणी अडवलं नव्हतं गं. मीच थांबले, आणि मला त्याचा पश्चात्तापही नाही. पण एमएस्सीला पहिली मी आले होते, आणि हे आता माझ्याशिवाय कुणाच्याही लक्षात नाही.

आता विहिरीचं. शिंदखेड्याचे मोतीलाल आबा, माझ्या नवऱ्याचे, जीवनचे मामा, तू त्यांना माझ्या लग्नात पाहिलंयस. तापीकाठच्या शेतात त्यांनी विहीर खोदायला घेतली आणि एका बाजूचा खडक रोज थोडा थोडा खाली यायला लागला. मजूर उतरेनात. आबांनी मला फोन केला, "बेटा, हाई काय शे ते देखी जाय. दगड फाटेल शे नि मधमा माती भरेल शे." जीवन नको म्हणत होता. मी यारीच्या टोपल्यात बसून खाली गेले.

हेमांगी, तो भ्रंश होता. समोर, हाताच्या अंतरावर. दोन्हीकडे काळा बेसाल्ट, त्यावर घासल्याचे लांब ओरखडे, आणि मधे हिरवट राखाडी माती. वरच्या भागात बोट सहज आत जात होतं. खाली मात्र तीच पट्टी चकचकीत, खवल्यांसारखी, नखानं ओरखडा काढावा लागेल अशी. मी आबांना वर ओरडून सांगितलं की इथं कुणी उतरू नका, आधी बाजू बांधून घ्या. आणि मग दोन्ही जागची थोडी थोडी माती रुमालात बांधून घेतली. घरी आणून दोन्ही मात्या पाण्यात घातल्या. एक फुगून ग्लासाबाहेर आली, दुसरी तशीच बसून राहिली. उनपदेवला जसं गरम पाणी वर येतं तसं कधीकाळी इथूनही आलं असेल, आणि भ्रंशाचा तेवढाच भाग भाजून बदलला असेल, असं माझ्या मनात आलं. त्या आनंदात पहिला फोटो तुलाच पाठवला. दुसरं कुणाला पाठवणार होते?

तुझं उत्तर लगेच आलं. असा नमुना किती वर्षं शोधतेय, सगळं पाठव, खर्च आम्ही करू, पेपरात आभारामध्ये तुझं नाव नक्की टाकते. मी ते जेवताना वाचलं. ताट बाजूला सारून पुन्हा वाचलं. आभारात, हेमांगी. खाली, बारीक अक्षरात, कुरियरवाल्याच्या आणि प्रयोगशाळेतल्या मदतनिसाच्या शेजारी. तू वाईट हेतूनं लिहिलं नाहीस, हे कळतं, आणि त्यानंच जास्त लागलं. माती माझ्याकडे असली तरी डोकं तुझ्याकडेच असणार, हे तू किती सहज धरून चाललीस.

मग मी आबांना बांधकाम थोडं थांबवायला सांगितलं. कुरकुरले, पण थांबले. रोज कॉलेज सुटलं की शिंदखेड्याला जायचे, लाकडी टेकू लावून उतरायचे, कुठली बाजू वर, भ्रंश कुठल्या दिशेला सरकला, हे खुणा करून ठोकळे कापायचे. मातीतली खनिजं ओळखायला एक्स-रे करून घेतले. वर स्मेक्टाइट, खाली इलाइट, मधे दोन्हींचं मिश्रण. परवा विहिरीत सिमेंटची भिंत चढली. आता जे आहे ते माझ्या घरी, ओल्या कापडात गुंडाळलेलं.

ते तुला पाठवणार नाही, हे सांगायला हे पत्र. नुसतं तेवढंच नाही. या सगळ्याचा अहवाल लिहून मी थेट तुमच्या प्रयोगशाळेच्या सरांना पाठवला होता, तुला न विचारता. त्यांनी मला हिवाळ्यापासून बोलावलंय, संशोधक म्हणून. माती घेऊन मीच येतेय, तुझ्याच यंत्रावर, पेपरात पहिलं नाव माझं. जीवन आणि आई इथलं सांभाळतील. नाना म्हणाले, जा. सर सोमवारी तुम्हा सगळ्यांना सांगणार आहेत. तुला हे बैठकीत, चार माणसांत कळू नये असं मला वाटलं. तुझा जीव जळेल, तो सगळ्यांसमोर जळू नये. एकटीला वाचायला मिळावं. जळणं कसं असतं ते मला चांगलं माहीत आहे.

थंडीचे कपडे काय आणू ते कळव. राग आला असेल तर तो गेल्यावर कळव.

तुझीच, आणि तुझ्याच दाराशी येणारी,
स्नेहल