निवटीच्या नराचा पट्टा

१४ जुलै १९९७

डीएनएच्या जेलवर पट्टा आला! बाराही नर निवट्यांना आहे, बारा माद्यांपैकी एकीलाही नाही. तीन वर्षं हेच शोधतेय — मासा न चिरता, पराच्या नुसत्या तुकड्यावरून नर की मादी ते कळावं. माझे गाइड मायदेव सर जेलवर असे वाकून बघत होते, जसा काही त्यांनीच काढला. तीन वर्षांत एकदाही हातमोजे घातले नाहीत या माणसाने. आज पेढे वाटत होते.

१५ जुलै

पुण्याच्या परिषदेत निबंध वाचायचं ठरलं, दोघांच्या नावावर. मला न विचारता.

२२ जुलै

बाळकुमची रंभा निवट्या घेऊन आली. खाडीतून पकडून तीच आणून देते. मी तिच्याशी कधी धड बोलत नाही — फरशीभर चिखल करते आणि मला 'मास्तरीण' म्हणते. आज सहज विचारलं, एवढे मोठे नर मिळतात कुठे. म्हणाली, "नर सगलं बालकुमचं. गाबोलीवाल्या कलव्याच्या. तुजं सर बोललं तसंच दिलं."

डबा तसाच परत आणला. नर एका गावचे, माद्या दुसऱ्या गावच्या! मग तो पट्टा नराचा कशावरून? बाळकुमचा असेल.

३१ जुलै

रंभाकडून उलट मागवल्या. कळव्याचे दहा नर, बाळकुमच्या दहा माद्या. एकेक चिरून खात्री केली. कळव्याच्या एकाही नराला पट्टा नाही. बाळकुमच्या सगळ्या माद्यांना आहे.

तीन वर्षं मी गाव शोधत होते.

सरांसमोर जेलचा फोटो ठेवला. पाहिलासुद्धा नाही, माझ्याकडे पाहत राहिले. जेल बिघडली असेल म्हणाले, पुन्हा करायची गरज नाही. मी म्हटलं, परिषदेला कळवायला हवं.

"सवलतीवर आलेल्यांनी शंका काढत बसू नये, मंजुळा. डिग्री घ्यावी आणि जावं."

आवाज चढवला नाही. चहा ढवळत बोलले. तोच चहा तोंडावर फेकावासा वाटला. फेकला नाही. निवट्यांचं पाणी बदललं.

१ ऑगस्ट

बाबा सगळ्या कोपर गावाला सांगत सुटलेत, मुलगी डॉक्टर होणार. आज एका शेजाऱ्याला घरीच घेऊन आले, डॉक्टर मुलगी दाखवायला. मी आतून बाहेर आलेच नाही. आईने बरं नाही म्हणून सांगितलं.

६ ऑगस्ट

पत्र लिहून सरांच्या हातात दिलं. सगळं स्पष्ट — पट्टा नराचा नाही, निबंध मागे घ्यावा.

त्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, "तुझं बरोबर आहे. मी परिषदेला कळवतो."

एवढंच! मी भांडायला गेलेले, आभार मानून आले. काय काय लिहून ठेवलंय त्यांच्याबद्दल या वहीत. पानं फाडावीत का?

९ सप्टेंबर

परिषदेचं पुस्तक टपालाने आलं. पान एक्केचाळीस. निवटीतील नराची खूण. तेच बारा नर, त्याच बारा माद्या. कळव्याचा एकही नर नाही.

खाली नाव एकच. मंजुळा चांगदेव सोनकांबळे. सरांनी स्वतःचं काढून घेतलंय.

माझं म्हणणं त्यांना अगदी पूर्ण पटलं होतं.