दारातली जागा

॥ श्री ॥
३ जून

चि. भावोजींस अनेक आशीर्वाद.

फोनवर तुम्ही कायम घाईत, म्हणून लिहितेय. आपल्या गल्लीला अखेर रहिवासी परवाना लागू झाला. आता काचेवर परवाना असेल त्याचीच गाडी गल्लीत उभी राहणार. पलीकडच्या ऑफिसांतली माणसं सकाळी गाड्या लावून जातात त्या संध्याकाळपर्यंत. आपल्याच घरात आडवं होऊन शिरावं लागतं. सह्या गोळा करत मी दारोदार हिंडले. कोपऱ्यावरचा शिंपी म्हणाला, काकू, आता निवडणुकीलाच उभ्या राहा.

तुमच्या दादांना डायलिसिसला न्यायला दवाखान्याची गाडी येते, ती गर्दीमुळे कोपऱ्यावरच अडते. तिथवर हे भिंती धरत जातात. दारासमोरची जागा मिळाली की गाडी थेट पायरीला लागेल. देवाने ऐकलं म्हणायचं.

अर्जातली भाषा माझ्या मॅट्रिकला झेपत नाही. घर तुम्हा दोघा भावांच्या नावावर आहे, तेव्हा तुम्हीच भरा. दादांची सही घेऊन सोबत पाठवतेय. पत्र पाठकोऱ्या कागदावर लिहिलंय, जाऊबाईंना हसू नका म्हणावं.

लोभ आहेच, तो वापरात ठेवा.
तुमची वहिनी

१९ जून

ती. सौ. वहिनींस शि. सा. न. वि. वि.

काम झालं. मात्र परवाना घरामागे एकच, आणि तो मालकाच्या गाडीलाच मिळतो. दवाखान्याच्या गाडीला नाही. दादाकडे गाडी नाही, म्हणून मी माझ्या गाडीवर घेतला. काही वाया जाऊ द्यायचं नाही, हे तुमच्याकडूनच शिकलो!

माझं ऑफिस दोन गल्ल्या सोडून, आणि तिथे जागेची मारामार. सकाळी गाडी आपल्या दारात लावत जाईन. दवाखान्याची गाडी आली की फोन करा, लगेच येऊन हलवतो. शिवाय या निमित्ताने दादाची रोज भेट होईल. त्याला सांगा, रोज वर येऊन डोकं खाणार आहे.

कृपादृष्टी असू द्या.
तुमचा लाडका दीर

२२ जुलै

भावोजींस आशीर्वाद.

हे पत्र तुमच्या गाडीच्या वायपरखाली ठेवतेय. तिकिटाचे पैसे वाचले, आणि पत्ताही चुकायचा नाही.

फोन केला की तुम्ही मीटिंगमध्ये. दवाखान्याची गाडी ताटकळते, ड्रायव्हर करवादतो, आणि हे पुन्हा भिंती धरत कोपऱ्यावर. काल पाय लटपटले म्हणून शिंप्याच्या पायरीवर बसवावं लागलं. शिंपी म्हणाला, काकू, आता तर तुमच्याच घरची गाडी आडवी आली की. पूर्वी परक्याच्या गाडीवर ओरडता तरी येत होतं.

सकाळी हे खिडकीत बसतात. तुमची गाडी दिसली की म्हणतात, आला बरं का, आधण ठेव. मी ठेवते. तुम्ही मोबाईल कानाला लावून निघून जाता. चहा टाकून देववत नाही, मीच पिते. मला पित्त झालं, पण तुमचा जिना काही चढून झाला नाही.

हे मला तुम्हाला एक शब्द बोलू देत नाहीत. म्हणतात, गाडी तर येते ना त्याची.

वहिनी

२९ जुलै

वहिनींस नमस्कार.

तुमचं पत्र मी दंडाची पावती समजून ऑफिसच्या माणसांदेखत उघडलं. शोभा झाली. अर्धं घर माझंही आहे, हे मी आजवर कधी काढलं नाही. काढायला लावू नका. मी जागा सोडली तर उद्या शेजारचा कोणी लावेल, म्हणजे तुम्हाला काय मिळणार? वर यायला सवड नसते, आणि आलो तर आधी तुमचं तोंड बघावं लागतं. दादाची तक्रार नसताना तुम्ही मध्ये का पडता?

कळावे.

३० ऑगस्ट

भावोजींस,

हे पोस्टाने पाठवतेय. का ते तुम्हाला कळलंच असेल.

पालिकेत जाऊन चौकशी केली. घरात असा रुग्ण असेल, तर परवाना परत करायचा. मग दारासमोर पिवळे पट्टे मारून ती जागा दवाखान्याच्या गाडीसाठी राखतात. एका मालकाची सही पुरते. मी अर्ज आणून ह्यांच्यापुढे ठेवला. सही केली नाही. म्हणाले, मग तो या गल्लीत कशाला येईल?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, मी नको नको म्हणत असताना, हे एकटे जिना उतरले आणि तुमच्या गाडीला टेकून उभे राहिले. तुम्हाला वाटलं असेल, वहिनीने भांडायला पाठवलं. त्यांना फक्त तुम्हाला वर घेऊन यायचं होतं. तेवढ्यासाठी धुतलेला सदरा घातला होता.

वर आल्यावर मी विचारलं, काय म्हणाला. तर म्हणाले, बाजूला हो म्हणाला, गाडी मागे घ्यायची होती त्याला. मग सदरा काढून घडी घातली. पाणीही घेतलं नाही. शेवटी म्हणाले, तो कागद आण.

आता पट्टे मारून झालेत. दवाखान्याची गाडी पायरीला लागते, ड्रायव्हर हात देतो. एवढी खटपट केली, मला आनंद व्हायला हवा होता. ह्यांनी त्या दिवसापासून तुमचं नाव काढलेलं नाही.

गल्ली आता मोकळी असते. पायी यायला परवाना लागत नाही.

देवापुढे हात जोडताना घरातल्या सगळ्यांची नावं घेते, त्यात तुमचंही येतं. इतक्या वर्षांची सवय आहे, मोडत नाही.

वहिनी