माझ्या हातची तुरपाई

३ नोव्हेंबर, सोमवार

रेडिओ बंद! तीन दिवस झाले, दुकानात गाणं नाही. ठकीने प्लगच काढून ठेवलाय. म्हटलं, काय गं, कुणावर राग? तर म्हणे, "तो बोलणारा माणूस सारखं माझंच बोलतो." मी हसलो. एकविसाव्या वर्षी सगळ्यांनाच वाटतं, जग आपल्यावरच टपलंय.

हात मात्र सोन्याचा आहे पोरीचा. गेल्या महिन्यात पैज लावली होती. दहा पँटींची तुरपाई तिच्यापुढे टाकली, माझी कुठली आणि कारागिराची कुठली ते ओळख. दहाच्या दहा बरोबर! "तुमचा टाका शेवटी जरासा उजवीकडे झुकतो, बाबा." चाळीस वर्षं शिवतोय, मला स्वतःला पत्ता नव्हता. गिऱ्हाइकांना तर माझा टाका दिसतसुद्धा नाही!

७ नोव्हेंबर, शुक्रवार

ठकीची मैत्रीण दुकानात आली होती. "काका, ती महिनाभर कॉलेजला आली नाही. फोन पण उचलत नाही." मग रोज सकाळी डबा घेऊन जाते कुठे?

ठकी आंघोळ टाळते, त्यावरून घरी कटकट. ही म्हणते आळस. मी म्हणतो परीक्षेचं टेन्शन.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दुकानातला पुतळा ठकीने भिंतीकडे फिरवून ठेवलाय. "बघतो तो माझ्याकडे." अगं, त्याला मुंडकंच नाही, बघेल कशाने? हसेल म्हणून म्हटलं. नाही हसली. मग जरा वेळाने, कुणी काही बोललेलं नसताना, एकटीच हसली.

मला भीती वाटली. खोटं कशाला लिहू.

१५ नोव्हेंबर, शनिवार

तिचं कपाट उघडलं. सगळे कपडे उसवलेले. कॉलरी, कमरपट्टे, खिसे — सगळे. "कपड्यांत काहीतरी शिवतात, बाबा. त्यावरून त्यांना कळतं मी कुठे आहे." कोण ते? "ते."

ही रडायला लागली. मी आपला कात्री घेऊन बसलो आणि उरलेली एक बाही तिच्यादेखत उसवली. बघ, काही आहे? धागे आहेत नुसते. म्हटलं, दुसऱ्यांचं मला माहीत नाही, पण माझ्या दुकानात असलं काही होत नाही. माझा शब्द!

बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही शिवलेलंच घालीन मग." किती बरं वाटलं मला! कापड काढलं लगेच. गडद निळं, जाड. थंडीचा कोट शिवतो तिला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

नेहमीचे डॉक्टर म्हणाले, झोप झाली की होईल ठीक. ही हलेना खुर्चीवरून. "डॉक्टर, मी आई आहे. हे झोपेचं नाही." शेवटी मनोविकाराच्या डॉक्टरीणबाईंच्या नावाने चिठ्ठी दिली. तारीख मिळाली ४ डिसेंबर. सतरा दिवस! तोवर काय करू? "लक्ष ठेवा."

कपडा फाटला तर मला रफू करता येतो. इथे फाटलंय कुठे तेच दिसत नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज नीट जेवली. आम्ही दोघं बघत होतो.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी निघून गेली. मी एका गिऱ्हाइकाची मापं घेत होतो, पाच मिनिटं, फार तर. तिचा फोन बादलीत बुडवलेला सापडला. सगळं गाव पालथं घातलं. दुपारी बसडेपोत बाकावर दिसली, पातळ सदऱ्यात, ओठ निळे. तिथला कारकून मलाच बोलला, "चार तास बसलीय. नाव सांगेना, नंबर सांगेना. आम्ही कळवायचं कुणाला?"

खरंच. कुणाला?

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

कोट झाला. डाव्या बाजूला, अस्तराच्या आत, पांढरी पट्टी शिवली. तिचं नाव, माझं नाव, माझा नंबर. आतून बारीक तुरपाई, बाहेरून कळायचं नाही.

हिला सांगितलं तर म्हणाली, "अहो, तिला सांगून शिवा." सांगितलं तर घालेल का ती? पुन्हा तशीच सदऱ्यावर गेली तर? मी चिडलो. बापाला काही कळत नाही असंच वाटतं सगळ्यांना!

१ डिसेंबर, सोमवार

कोट घातला! हात फिरवत राहिली, खांद्यावर, बाह्यांवर. "छान बसलाय, बाबा." किती दिवसांनी छान हा शब्द. डॉक्टरीणबाईंचं विचारलं. आधी नाही म्हणाली. मग म्हणाली, "तुम्ही बरोबर असाल तर येते. फक्त तुम्ही."

गुरुवारपर्यंत निभावलं की झालं. तीन दिवस.

४ डिसेंबर, गुरुवार

दहाची वेळ होती. आठला हाक मारायला गेलो. कोट पलंगावर, अस्तर उसवलेलं. एकही धागा न ओढता, मी शिकवलं तसं. वर ती पट्टी. नंबराखाली पेन्सिलीने लिहिलंय — 'टाका उजवीकडे झुकलाय.'

ही शोधायला धावलीय. मला म्हणाली, तुम्ही फोनपाशी बसा, कुणीतरी करेल. कोण करणार? नंबर इथे आहे, माझ्या हातात.