तुम्ही ब्लेंडर नव्हतात

दादा, काल संध्याकाळी तुमच्या नातवाच्या घरात आठ शहाणीसुरती माणसं ग्लासात नाकं खुपसून बसली होती आणि पीत कुणीच नव्हतं. याला ते टेस्टिंग म्हणतात. महिन्यातल्या एका शनिवारी जमतात आणि मधले दिवस फोनवर एकमेकांना कळवत राहतात की आज कोण कुठली व्हिस्की घेतंय. ग्लासचा फोटो, शेजारी बाटलीचा फोटो, मागे खिडकीतून दिसणारा समुद्राचा तुकडा आणि खाली निबंध. त्या नातवाने, म्हणजे माझ्या मुलाने, हौसेने मलाही त्या ग्रुपमध्ये घातलं आहे, त्यामुळे सकाळच्या चहाबरोबर मी ते वाचते. कुणाला त्यात सुकं अंजीर लागलेलं असतं, तर कुणाला घोड्याच्या जुन्या खोगिराचं कातडं. हे खोगीर ज्याला लागलं तो विमा कंपनीत आहे. घोडा त्याने स्वतःच्या वरातीत पाहिला असेल तेवढाच.

परवा एकाने लिहिलं होतं, जुन्या चर्चमधल्या लाकडी बाकाचा गंध आणि मागे रेंगाळणारी विझलेली मेणबत्ती. दादा, मी त्या बाकांवर अकरा वर्षं बसले आहे. आमच्या माझगावच्या शाळेतल्या चॅपलच्या बाकांना फिनेलचा वास यायचा, आणि पुढे बसलेल्या मुलीच्या वेणीतल्या खोबरेल तेलाचा. या माणसाला विझलेली मेणबत्ती कुठून मिळाली? दुसऱ्या कुणाच्या तरी निबंधातून. ते सगळे आधी एकमेकांचे वास वाचतात आणि मग ते त्यांना येऊ लागतात. एक दातांची डॉक्टर आहे, तिला नेहमी बंदरावरचा खारा वारा लागतो. तिला एकदा सकाळी भाऊच्या धक्क्यावर नेऊन उभी करावी असं माझ्या मनात फार आहे. बोंबील आणि डिझेल. लिही म्हणावं आता.

तुमच्याकडे शब्द पाच-सहाच होते. घासलेट. फिनेल. टर्पेंटाइन. तेल. औषध. आणि बाकी सगळ्याला ‘जाऊ दे’, म्हणजे बाटली पुढे जाऊ दे. तुमचं काम मी एकदाच पाहिलं. शाळेला कुठल्याशा संताची सुट्टी होती आणि डबा घरी राहिला म्हणून आईने मला कॉटन ग्रीनला पाठवलं होतं. पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये शिरते तो सगळीकडे वाफ. बायका कढत सोड्याच्या पाण्यात बाटल्या धूत आहेत, भंगारातून आलेल्या, घराघरांतून आलेल्या. तुमची कंपनी व्हिस्की भरायची ती याच जुन्या बाटल्यांत. पण मधल्या काळात लोकांनी त्यांत काय काय ठेवलेलं असे, आणि घासलेट एकदा काचेत बसलं की सोड्याच्या बापाला निघत नाही. म्हणून प्रत्येक बाटली शेवटी तुमच्यासमोर येते. तुम्ही स्टुलावर ताठ बसला आहात. बाटली उचलता, नाकाजवळ नेता, अर्धा श्वास, एक शब्द, पुढची बाटली. वीस-पंचवीस झाल्या की मान वळवून स्वतःच्या शर्टाच्या बाहीत नाक घालता, घटकाभर तसेच राहता, आणि पुन्हा सुरू. मला वाटलं तुम्ही रडताय. मग कळलं, नाक पुसून कोरं करायची ती तुमची पद्धत होती. त्यासाठी आई तुमचे कामाचे शर्ट वेगळे धुवायची, नीळ नाही, वासाचा साबण नाही. तुम्ही तंबाखूला शिवला नाहीत, डोक्याला तेल लावलं नाहीत, कच्चा कांदा फक्त रविवारी. घरात उदबत्ती लागायची ती तुम्ही जिना उतरल्यावर. माझ्या मुलाच्या मित्रांनी बाहीच्या जागी वाटीत कॉफीच्या बिया ठेवल्या आहेत. मधूनमधून त्या हुंगतात आणि डोळे मिटतात.

आणि तुम्हाला त्या कामाची लाज नव्हती. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, का ते पुढे येईल. रविवारी सकाळी आपल्या लालबागच्या चाळीत तुम्ही गॅलरीत बसलात की बायका बाटल्या घेऊन यायच्या. शेजारच्या मालवणी काकी तर हक्काने. “दादानू, ह्या बाटलेत त्याल भरलंय तर चलात मां?” तुम्ही वास घ्यायचात. “वहिनी, यात झुरळाचं औषध होतं. कुणाला मारायचंय?” सगळी गॅलरी हसायची. मुलं घरातून बाटल्या आणून तुमची परीक्षा घ्यायची आणि तुम्ही कधी नापास व्हायचा नाहीत. कुणी विचारलं, काय करता, की तुम्ही सांगायचात, “बाटल्यांचा वास घेतो. माझ्या हातून घासलेट सुटलं तर पिणाऱ्याच्या पोटात जाईल.” तुम्ही स्वतः आयुष्यात थेंब घेतला नाहीत, पण अनोळखी पिणाऱ्यांची काळजी दिवसभर करायचात.

लाज मला होती. सहावीत असताना तुम्ही मला पाण्यासाठी एक बाटली आणलीत. चपटी, दप्तराच्या कडेला नीट बसेल अशी. हजारो बाटल्यांतून निवडलेली. “ही कोरी आहे,” म्हणालात, “हिच्यात कुणी काही ठेवलेलं नाही.” लेबल तुम्ही पाण्यात भिजवून नखाने काढलं होतंत. पण काचेतच कोरलेलं व्हिस्कीचं नाव कसं निघणार? मधल्या सुट्टीत मी ती तोंडाला लावली आणि आमच्या वर्गातली एक गोवेकर मुलगी ओरडली, “सिस्टर, शी इज ड्रिंकिंग!” वर्ग खदखदून हसला. सिस्टर हसल्या नाहीत, त्यांनी बाटली हातात घेऊन फिरवून पाहिली आणि हळू आवाजात विचारलं, तुझे वडील काय करतात? त्या दयाळू आवाजाचा मला अजून राग येतो. त्यांना वाटलं, घरी पितात. मी बाटली शाळेच्या बागेत मेहंदीच्या कुंपणामागे सोडली आणि तुम्हाला सांगितलं, फुटली. तुम्ही म्हणालात, लागलं नाही ना? दुसऱ्या दिवशी तशीच दुसरी आणलीत.

त्या वर्षी शाळेच्या कॅलेंडरमध्ये, म्हणजे ते रिमार्क लिहायचं लाल पुस्तक, वडिलांच्या व्यवसायासमोर मी इंग्रजीत लिहिलं, केमिस्ट. खाली पालकांची सही हवी होती. तुम्ही पुस्तक दिव्याखाली धरलंत आणि बराच वेळ पाहत राहिलात. “हे काय लिहिलंयस?” मी म्हटलं, “कंपनीत कामाला, असं.” तुम्ही सही केलीत. तुम्हाला इंग्रजी येत नाही हे मी धरून चालले होते. पुढे कितीतरी वर्षांनी, तुम्ही गेल्यावर, नाक्यावरच्या औषधाच्या दुकानासमोर उभी असताना माझ्या लक्षात आलं. दुकानाच्या पाटीवर तोच शब्द हातभर अक्षरांत होता. आईची औषधं आणायला तुम्ही आठवड्याला तिथे जायचात. आणि कामावर दिवसभर लेबलांची इंग्रजी अक्षरंच तर बघत होतात.

केमिस्टचा ब्लेंडर माझ्या लग्नात झाला. माटुंग्याचं स्थळ, घरात दोन पिढ्या ऑफिसातल्या. मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की वडील व्हिस्की कंपनीत ब्लेंडर आहेत, म्हणजे व्हिस्कीचं मिश्रण ठरवणारे. सासरे बैठकीत तुम्हाला थट्टेने म्हणाले, “काय हो, चांगली कशी ओळखता?” मी दाराआड उभी होते. तुम्ही म्हणालात, “वासावरून.” खोटं बोलला नाहीत आणि मला उघडं पाडलं नाहीत. पुढे हाच ब्लेंडर मी मुलालाही दिला. तो लहान असताना गोष्टीत सांगावा तसा. तुझ्या आजोबांचं नाक म्हणजे, वगैरे. त्याच्यासाठी तुम्ही तेच आहात. तो व्हिस्कीच्या नादाला लागला त्यातही तुमचा वाटा आहे असं तो सगळ्यांना सांगतो, आणि ऐकणारे माना डोलावतात. आता आता तर मास्टर ब्लेंडर.

तर काल. परळला, जिथे गिरणीची भिंत होती तिथे आता टॉवर आहे, त्याच्या एकविसाव्या मजल्यावर आम्ही राहतो. मुलाने तुमचा फोटो मोठा करून आणला होता, चौकटीत बसवून बारच्या वरती लावायला. आठजण जमले होते. चीज, बदाम, कॉफीच्या बिया. एक बाटली उघडली गेली, तिच्याबद्दल पंधरा मिनिटं प्रवचन झालं, आणि मग विमावाल्याने ग्लासातून नाक बाहेर काढून जाहीर केलं, “लिंबाचा मोहोर. एकदम फ्रेश. कुणाला येतोय?”

“येस, येस,” डॉक्टर बाई म्हणाली. “लिंबाचा मोहोर, आणि त्याच्यामागे ओली गवताची कुरणं.”

“बॉस, मला तर अख्खी बाग येते,” तिसरा म्हणाला.

“आँटी, तुम्ही सांगा ना. तुमच्या ब्लडमध्ये आहे.” असं म्हणून विमावाल्याने आपला ग्लास माझ्या हातात दिला. मी नाकाशी नेला. अर्धा श्वास.

“भांडी घासायचा साबण आहे,” मी म्हटलं. “ग्लास नीट विसळले नाहीत. दुपारी मीच धुतले.”

कुणी हसलं नाही. मग सगळ्यांनी आपापले ग्लास पुन्हा हुंगले. डॉक्टर बाई म्हणाली, तसं असलं तरी खाली एक सिट्रस आहेच. इतका वेळ बागेत फिरून आलेली माणसं लगेच घरी कशी येणार! पण मुलगा उठून टाळ्या वाजवायला लागला. “बघितलंत? मास्टर ब्लेंडरची मुलगी आहे! हे नाक आजोबांचं!” आणि तुमचा फोटो उचलून त्याने टेबलावर मधोमध ठेवला. “टू द मास्टर ब्लेंडर,” म्हणून आठ ग्लास वर गेले, साबणासकट.

दादा, मला ते सहन झालं नाही. तुमचंच काम मी त्या क्षणी केलं होतं, अगदी तुमच्यासारखं, एका शब्दात, आणि त्याचं श्रेय कधी न जन्मलेल्या ब्लेंडरला चाललं होतं. मी म्हटलं, “ते ब्लेंडर नव्हते. जुन्या बाटल्यांचा वास घ्यायचे. घासलेट आहे का बघायला.” आणि मग सगळं सांगितलं, शेड, सोडा, बाही. वाटलं होतं, आता तरी गप्प बसतील. कसले गप्प बसतात! “ओ माय गॉड, आँटी, काय स्टोरी आहे!” विमावाला म्हणाला. “हा तर ब्लेंडरपेक्षा भारी आहे. द नोज ऑफ लालबाग. रील बनवूया.” दुसऱ्याने फोनमध्ये लिहायला घेतलं. कुणीतरी मला बाही हुंगून दाखवायला सांगितलं, कॅमेऱ्यासाठी. तुमची रोजची आठ तासांची नोकरी त्यांनी दोन मिनिटांत खोगीर आणि मेणबत्तीच्या शेजारी ठेवून दिली. मी ट्रे उचलला आणि स्वयंपाकघरात गेले.

मुलगा मागोमाग आला. तो हसत नव्हता. बेचाळीस वर्षांचा आहे, पण दाराला टेकून उभा राहिला की अजून शाळेतला वाटतो. “आई, हे खरंय?”

“हो.”

“मग मला का नाही सांगितलंस? मी सगळीकडे सांगत फिरतोय. मला काय वाटलं असतं त्यात? मला आवडलंच असतं ते.”

मला माहीत होतं की आवडलं असतं. हेच तर वाईट होतं. त्याच्यापाशी लाज नव्हती, तुमच्यापाशी नव्हती, मधे मी एकटीच उभी होते, कॉन्व्हेंटच्या इस्त्रीच्या गणवेशात. बाहेर मी त्या आठजणांना मनातल्या मनात सोलून काढत होते की न आलेले वास आले म्हणून सांगतात. नळ चालू होता. मी ग्लास विसळत होते, या वेळी नीट, तीन-तीन पाण्यांतून. त्याला एवढंच सांगायचं होतं, मला लाज वाटायची रे. चार शब्द. तोंडाशी आले होते.

मी म्हटलं, “आजोबांना आवडायचं नाही, कुणाला सांगितलेलं. त्यांना कमीपणा वाटायचा.”

तो म्हणाला, “बिचारे.” आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून बाहेर गेला.

आज सकाळी त्याने फोटो भिंतीवर लावला. खाली मास्टर ब्लेंडर अशी पितळी पट्टी बसवायची होती, ती त्याने काढून ठेवली; तिच्या जागी खरं कामही लिहिलं नाही, तुमच्या भावनेचा मान म्हणून. हे पत्र खरं तर त्याच्यासाठीच लिहायला घेतलं होतं. तुमच्या नावाने लिहिलं, कारण तुम्ही वाचणार नाही. दुपारी तो जेवत असताना ते माझ्या हातात होतं. त्याने विचारलं, काय लिहिते आहेस? मी म्हटलं, काही नाही, वाण्याची यादी.