नाक कुणावर गेलंय

होजामुराता,

तिथे इस्तंबूलला बसून आईवर रुसू नकोस. तुझी लेक बघायची म्हणूनच तिने घरी इंटरनेट घेतलं. पण जोडणी देताना कचेरीतल्या साहेबाने तिचा हात कुराणावर ठेवला आणि वदवून घेतलं, की बंदी घातलेलं काही या घरात चोरवाटेने, म्हणजे व्हीपीएनने, उघडणार नाही. तुझा चेहरा त्याच चोरवाटेने येतो.

शेजारची ओगुलबीबी हसली, "अगं, अख्ख्या तेजेन गावाने शपथ घेतलीय आणि अख्खं गाव ती मोडतंय!"

आई म्हणाली, "गावाचं गाव बघेल. हात माझा होता."

मेले हुशार खरे! पहाऱ्याला फुकटात अल्लालाच बसवलं.

काल मी हट्टाने त्याच वाटेने तुला व्हिडिओ फोन लावला. लेक खिदळली, तसा आईने डोक्यावरचा रुमाल डोळ्यांवर ओढला. तुला वाटलं, ती रागावलीय. फोन ठेवल्यावर रुमालाआडून तिने विचारलं, "नाक कुणावर गेलंय गं?"

"तुझ्यावर," मी म्हटलं.

हे टपालात टाकावं, तर सरकारी माणसं फोडून वाचतात. फोनवर सांगावं, तर आज सकाळी आईने मलाही कुराणावर हात ठेवायला लावला.

तुझी बहीण,
मेंगली